बोलणे पोहोचावे म्हणून : बिनतारी इअरबडची निवड

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातील एका शनिवारी दूरदृश्य प्रणालीद्वारे पाणीटंचाईची आढावा बैठक झाली. सुट्टीचा दिवस असल्यामुळे बहुतेक अधिकारी आपापल्या घरून अथवा दौऱ्यावरील वाहनातून बैठकीत सहभागी झाले होते. प्रस्तुत लेखकही घरीच, लॅपटॉपसमोर, कानांत नव्याने घेतलेले बिनतारी इअरबड घालून बसला होता. एका तालुक्याची माहिती देताना तेथील अधिकाऱ्यांनी टँकरने पाणी पुरविल्या जाणाऱ्या वाड्यांची संख्या सांगितली. कानावर ती 'आठ' अशी पडली, तशीच टिपली गेली आणि संध्याकाळच्या प्रसिद्धिपत्रकात तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला दूरध्वनी आला तो एका सरपंचबाईंचा. "साहेब, आमची वाडी तुमच्या त्या आठांत आहे की नाही, तेवढे सांगा," एवढेच त्यांनी विचारले. आदल्या दिवशी त्यांच्याकडे टँकर उशिरा पोहोचला होता. त्यात वर्तमानपत्रातील हा आकडा वाचून वाडीचे नाव यादीतून गेले, अशी गावात सकाळीच चर्चा सुरू झाली होती.

वास्तविक आकडा 'साठ' होता. शुद्धिपत्रक निघाले, सरपंचबाईंचे समाधान झाले आणि प्रकरण तेथेच मिटले. लेखी विवरणपत्राची वाट पाहिली असती तर ही चूक टळली असती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि एक अक्षर वाटेत नेमके कोठे गळाले, हा प्रश्न मनातून जाईना. त्याचा शोध घेताना जी माहिती हाती आली, ती इअरबड विकत घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि घरून काम करणे ही बाब एकाएकी सार्वत्रिक झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी केंद्रीय दूरसंचार विभागाने संगणकाधारित सेवा देणाऱ्या संस्थांसाठीचे नियम शिथिल केले. कर्मचाऱ्याने घरून किंवा देशातील कोणत्याही ठिकाणाहून काम करण्यातील अनेक अडसर त्यामुळे दूर झाले. नोकरी मुंबई-पुण्याची आणि बिऱ्हाड साताऱ्याकडे किंवा कोकणात, असे चित्र त्यानंतर अनेक घरांत दिसू लागले. न्यायालयांच्या सुनावण्या, शिकवणीचे वर्ग, 'ई-संजीवनी'वरील वैद्यकीय सल्ला यांतही दूरस्थ संभाषणाने जागा मिळविली. या सर्व व्यवहारांत माणसाचे बोलणे हेच कामाचे साधन असते. औषधाची मात्रा, सुनावणीची तारीख, मालाचा भाव, वाड्यांची संख्या यांपैकी काहीही चुकीचे ऐकू आले तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

असे असूनही इअरबड विकत घेताना आपण काय करतो? दुकानात कानाला लावून एखादे गाणे ऐकतो, आवाज भरदार वाटला की पैसे देऊन मोकळे होतो. गाणे ऐकण्यासाठी ही परीक्षा योग्यच आहे. बैठकीसाठी मात्र ती जवळजवळ निरुपयोगी होय. बैठकीत आपल्या इअरबडची गुणवत्ता आपल्याला ऐकूच येत नाही. ती समोरच्याला ऐकू येते, आणि सौजन्यापोटी तो बहुधा काही बोलत नाही.

'स' गेला कोठे?

बोलण्यातील प्रत्येक ध्वनीचा जोर वेगवेगळ्या कंपनसंख्येवर असतो. 'आ' या स्वराची ओळख पटविणारा बराचसा भाग दर सेकंदाला दीड हजार कंपनांच्या आतच येतो. 'स' चे तसे नाही. तो हवेचा सूत्कार असून त्याचा मुख्य जोर चार हजार ते आठ हजार कंपनांच्या टापूत व त्याच्याही वर असतो. जुन्या दूरध्वनीची रचना ३०० ते ३४०० कंपने वाहून नेण्यापुरतीच होती. म्हणजे ज्याला आपण 'स' म्हणतो त्यातील महत्त्वाचा भाग त्या तारेतून कधी जातच नव्हता. ऐकणाऱ्याचे मन संदर्भावरून तो भरून काढीत असे. एस.टी.डी. बूथच्या काचेआड उभे राहून "स, सशातला स" असे ओरडून नाव सांगणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

'सखाराम' या नावातील 'स' गळाला तरी कोणी 'अखाराम' असे लिहून घेत नाही. आकड्यांच्या बाबतीत मनाची ही मदत मिळत नाही. साठ वाड्या असू शकतात, तशाच आठही असू शकतात.

आता प्रश्न असा की, आजच्या काळात आणि नव्या कोऱ्या इअरबडमध्ये तो जुना दूरध्वनी शिरला कसा? याचे उत्तर ब्लूटूथच्या कार्यपद्धतीत आहे.

रुंद वाट आणि अरुंद वाट

ब्लूटूथ ही अल्प अंतराची बिनतारी संदेशपद्धती आहे. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास तिच्यावरील कामास प्रारंभ झाला आणि १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी एकत्र येऊन तिच्या प्रसारासाठी संघटना स्थापन केली. डॅनिश टोळ्यांना एकत्र आणणाऱ्या दहाव्या शतकातील हॅराल्ड 'ब्लूटूथ' या राजाचे नाव तिला मिळाले. २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या लहरीपट्ट्यात ती चालते, त्याच पट्ट्यात घरातील वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही असते. अनेकांच्या बैठकीत जेवणाच्या वेळेलाच खरखर का सुरू होते, याचा थोडा उलगडा यातून व्हावा. वाय-फायच्या यंत्रावर ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असल्यास लॅपटॉप त्याच्याशी जोडावा. ही गर्दी बरीच कमी होते.

मूळ मुद्दा मात्र निराळा आहे. पारंपरिक ब्लूटूथमध्ये ध्वनी वाहून नेण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली रुंद, पण एकेरी. लॅपटॉपकडून कानाकडे येणारे संगीत या वाटेने दोन्ही कानांत स्वतंत्रपणे व भरदार येते. परंतु कानाकडून लॅपटॉपकडे आवाज नेण्याची सोय तिच्यात नाही. दुसरी वाट दुहेरी आहे, पण अरुंद. इअरबडमधील माइक सुरू होताच यंत्र पहिली वाट सोडून दुसरी धरते. तिच्या मूळ स्वरूपात आवाजाचे दर सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक कंपनसंख्या वाहून नेणे शक्य नसल्याने चार हजार कंपनांच्या वरचे सारे कापले जाते. जुन्या दूरध्वनीची हद्द जवळपास हीच. गाणे चालू असताना बैठकीत प्रवेश करताच आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. इअरबड बिघडलेला नसतो. त्याने वाट बदललेली असते.

या अरुंद वाटेचे रुंदीकरण २०११ मध्ये झाले. सुधारित पद्धतीत नमुने दुप्पट म्हणजे १६,००० झाले आणि सुमारे सात हजार कंपनांपर्यंतचा आवाज जाऊ लागला. 'स' चा बराच भाग त्यात वाचतो. अट एवढीच की, इअरबड आणि लॅपटॉप अथवा फोन या दोघांनाही ती पद्धत अवगत असली पाहिजे. एकाला जरी ती येत नसेल तरी दोघेही मुकाट्याने जुन्या पद्धतीवर उतरतात आणि पडद्यावर त्याची सूचना येत नाही. त्या शनिवारी प्रस्तुत लेखकाच्या जुन्या लॅपटॉपवर हेच घडले होते. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये 'एल.ई. ऑडिओ' नावाची नवी पद्धत जाहीर झाली आणि तिचे तपशील २०२२ मध्ये पूर्ण झाले. तिच्यात बोलणे याहून स्वच्छ जाऊ शकते. नवे साधन घेताना तिची विचारणा जरूर करावी. परंतु येथेही दोन्ही टोकांना ती असल्याखेरीज लाभ नाही. इअरबड नवे आणि लॅपटॉप सात वर्षांपूर्वीचा असेल तर तेवढ्यासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही.

येथे एक बिनखर्ची उपाय सांगण्याजोगा आहे. बैठकीच्या प्रणालीतील ध्वनीविषयक पर्यायांत ऐकण्याचे साधन आणि बोलण्याचे साधन स्वतंत्रपणे निवडता येते. ऐकण्यासाठी इअरबड आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला की इअरबडचा माइक बंद राहतो, त्यामुळे येणारा आवाज रुंद वाटेनेच येतो. शांत खोलीत लॅपटॉपजवळ बसून काम करणाऱ्यास ही व्यवस्था उत्तम. मात्र बोलताना टंकलेखन करण्याची सवय असेल तर त्याची टकटक समोरच्याला ऐकावी लागते.

माइक कोठे आहे?

खरेदीच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच विचारला जात नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांच्या हेडफोनला जी दांडी ओठांपर्यंत आलेली असते, तिच्यावरील माइक तोंडापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर असतो. कानातील इअरबडचा माइक बारा सेंटिमीटर किंवा त्याहूनही दूर, शिवाय बोलण्याच्या दिशेच्या बाजूला. तीनाचे सहा, सहाचे बारा अशी दोनदा दुप्पट झाली, म्हणजे बोलणे १२ डेसिबलने क्षीण झाले. पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्या बांधकामाचा आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडून येत असतो. बोलणे आणि गोंगाट यांतील हा तोल इअरबडच्या जन्मापासूनच त्याच्या विरुद्ध असतो.

तो सावरण्यासाठी उत्पादक एका इअरबडमध्ये दोन किंवा अधिक माइक बसवितात. दोन माइकांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर असेल तर तोंडाच्या दिशेने येणारा ध्वनी दुसऱ्यावर सेकंदाच्या सुमारे सतरा हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. एवढ्याशा फरकावरून आतील चकती आवाजाची दिशा ओळखते, तोंडाकडचा आवाज ठेवते व इतर दिशांचा दाबते. काही नमुन्यांत जबड्याच्या हाडातून येणारी कंपने टिपणारा संवेदकही असतो. बाहेर गोंगाट असला तरी हाडाचे कंपन बोलणाऱ्याचेच असते, हे त्यामागील तत्त्व.

यावरून एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. कानाच्या पोकळीत पूर्ण दडून बसणाऱ्या वाटाण्यासारख्या इअरबडपेक्षा गालाकडे छोटी दांडी उतरलेले इअरबड बोलण्यासाठी सामान्यतः सरस ठरतात. दांडीचे टोक तोंडाकडे रोखलेले असते आणि दोन माइकांना एकमेकांपासून दूर बसण्यास जागा मिळते. दिसण्यात पहिला प्रकार अधिक देखणा आहे, हे खरे.

गोंगाट दाबण्याच्या या करामतीला एक काळी बाजूही आहे. 'स', 'श', 'फ' हे सूत्कार आणि पंख्याची किंवा वातानुकूलन यंत्राची सळसळ यांचे स्वरूप बरेचसे सारखे असते. गोंगाट छाटण्याची कात्री फार जोराने चालविली तर तीत हे वर्णही सापडतात. त्या दिवशी तालुक्याचे अधिकारी चालत्या वाहनात वातानुकूलन सुरू ठेवून, इअरबडवरून बोलत होते. त्यांच्याकडील कात्रीने 'स' अर्धा कापला असावा आणि उरलेला लेखकाच्या लॅपटॉपच्या अरुंद वाटेत गळाला असावा. दोघांच्याही इअरबडवर गाणी मात्र उत्तम ऐकू येतात!

खोक्यावरील अक्षरे

खोक्यावर 'ए.एन.सी.' आणि 'ई.एन.सी.' ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात आणि दुकानदार दोन्हींचा अर्थ 'नॉइज कॅन्सल होतो' असा एकच सांगतात. या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत. 'ए.एन.सी.' ही ऐकणाऱ्याच्या कानासाठी आहे. बाहेरच्या आवाजाच्या नेमकी उलट लहर निर्माण करून ती कानापुरता तो आवाज मिटविते. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांनी १९३३ मध्ये या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. पुढे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने संगीत ऐकणे अशक्य झाले आणि त्यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असे हेडफोन बाजारात आणले. इंजिन, पंखा यांसारख्या खालच्या पट्टीतील अखंड आवाजावर ही पद्धत प्रभावी ठरते. कुकरची शिट्टी किंवा दाराशी आलेल्या भंगारवाल्याची हाक तिच्याने सहसा मिटत नाही.

'ई.एन.सी.' म्हणजे आपल्या माइकमधून समोरच्याकडे जाणारा गोंगाट कमी करण्याची व्यवस्था. बैठकीसाठी आवश्यक ती हीच. पण ही अक्षरे छापण्यासाठी किती गोंगाट कमी झाला पाहिजे याचे कोणतेही मोजमाप खोक्यावर नसते. त्यामुळे ती नसतील तर इअरबड घेऊ नये आणि असतील तर तेवढ्यावर विसंबू नये.

'ए.एन.सी.'मुळे बोलण्याचे नुकसानही होऊ शकते, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवून बोलतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे निरीक्षण मांडले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आता कानापुरता गोंगाट मिटला की बोलणारा निवांत होऊन हळू आवाजात बोलू लागतो. माइकभोवतीचा गोंगाट मात्र होता तेवढाच असतो. समोरच्याला ऐकू येते ते पुटपुटणे आणि त्यामागे मिक्सर. स्वतःचा आवाज थोडासा कानात परत ऐकविण्याची सोय काही इअरबडांत असते; ती असल्यास बैठकीपुरती जरूर सुरू करावी. नसल्यास एकच इअरबड घालून दुसरा कान मोकळा ठेवला तरी काम भागते, आणि दुसरा इअरबड तोवर डबीत भारित होत राहतो.

घरातील कसोटी

मग परीक्षा कशी घ्यावी? यासाठी एक सहकारी किंवा घरातील दुसरी व्यक्ती पुरेशी आहे. तिला दुसऱ्या खोलीत अथवा दुसऱ्या गावी बसवून ज्या प्रणालीवर आपल्या बैठका होतात त्याच प्रणालीवर जोडून घ्यावे. कागदावर वीस आकडे लिहून ते सावकाश वाचावेत आणि ऐकणाऱ्याने ते लिहून घ्यावेत. साठ, आठ, सात, सदतीस, सत्तावीस, सदुसष्ट, बासष्ट, बाहत्तर, एकोणसत्तर, एकोणऐंशी, पंचावन्न, पंच्याण्णव असे एकमेकांना चकविणारे आकडे मुद्दाम घ्यावेत. पहिल्यांदा खोली शांत ठेवून, दुसऱ्यांदा पंखा पूर्ण वेगाने लावून, तिसऱ्यांदा खिडकी उघडी ठेवून किंवा स्वयंपाकघरात काम चालू असताना हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसून काम करावे लागणाऱ्यांनी चौथी परीक्षा पावसातही घ्यावी. कागद ताडून पाहिले की खोक्यावरील साऱ्या अक्षरांपेक्षा अधिक माहिती मिळते. याच वेळी बोलणे ध्वनिमुद्रित करून आपणही ऐकावे. आपला आवाज समोर कसा पोहोचतो हे बहुतेकांनी कधी ऐकलेलेच नसते.

आकड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नाही. दूरस्थ बैठकीपुरते मात्र सांगता येईल की, 'बासष्ट, म्हणजे सहा-दोन' असे आकडा आणि त्याचे अंक दोन्ही उच्चारण्याची सवय फार उपयोगी पडते. पोलिसांच्या बिनतारी संदेशात अंक सुटे सांगितले जातात ते याच कारणाने.

परीक्षा ऑनलाइन खरेदीनंतर करावयाची असेल तर माल परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे आधी पाहावे. आरोग्याच्या कारणास्तव कानात घालावयाची वस्तू उघडल्यावर परत न घेण्याची अट काही विक्रेते घालतात.

तार अजून मोडीत निघालेली नाही

एवढे सारे वाचल्यावर वाचकांच्या मनात येईल की, बिनतारीचाच आग्रह कशासाठी? प्रश्न रास्त आहे. काही शे रुपयांना मिळणाऱ्या तारेच्या इअरफोनचा माइक हनुवटीच्या आसपास लोंबत असतो. त्याला ब्लूटूथची अरुंद वाट नाही, बॅटरी नाही, जोडणी तुटण्याची भीती नाही. दिवसभर टेबलाशी बसून बोलणाऱ्याने तारेचा, आणि कामाचा सारा भार बोलण्यावरच असेल तर दांडीवरील माइकचा हेडफोन घ्यावा, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. तार शर्टाच्या गुंडीवर घासून खसखस होते, एवढीच काळजी घ्यावी लागते. अनेक नव्या फोनना तारेचे गोल छिद्र नसते, तेथे चार्जिंगच्या छिद्रात बसणारा इअरफोन मिळतो.

मानेभोवती पट्टी असलेल्या 'नेकबँड'चा मध्यममार्गही विचारात घ्यावा. त्याची बॅटरी मोठी असते, त्याचा गोळा गटारात पडत नाही, आणि माइक अनेकदा तोंडाच्या बऱ्यापैकी खाली-समोर येतो. ब्लूटूथच्या वाटेची मर्यादा मात्र त्यालाही तशीच लागू आहे.

ज्यांना बोलताना उठावे लागते, चालावे लागते, ज्यांच्या मांडीवर मूल आहे किंवा ज्यांचे काम फोनवरून फिरतीवर चालते, त्यांची गरज इअरबडच भागवितात. त्यांनी पुढील तपशील पाहावेत.

'४० तास चालतो' असे खोक्यावर असते तेव्हा त्यात डबीतून पुनःपुन्हा भारित करण्याचे तास धरलेले असतात. एका दमात इअरबड किती चालतो, आणि तोही गाण्यावर नव्हे तर बोलण्यावर, हा आकडा लहान अक्षरांत शोधावा. माइक आणि गोंगाट छाटणारी चकती दोन्ही राबत असल्याने तो गाण्याच्या आकड्याहून कमी असतो. फोन आणि लॅपटॉप या दोन्हींशी एकाच वेळी जोडले जाण्याची सोय असल्यास बैठक चालू असताना घरून फोन आला तरी धांदल उडत नाही. सोबत येणाऱ्या रबरी टोप्यांच्या तीन मापांपैकी आपल्याला कोणती घट्ट पण सुखकर बसते हे तपासावे. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही. कानात बुगडी किंवा भिकबाळी घालणाऱ्यांनी ती घालूनच माप पाहावे. घामापासून व पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षणासाठी 'आय.पी.एक्स. ४' ही खूण पुरेशी आहे. धो धो पावसात मात्र ती उपयोगाची नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत बिनतारी इअरफोनचा समावेश आहे. ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर किंवा खोक्यावर असावयास हवा, ब्युरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल अॅपवर तो पडताळताही येतो. पदपथावर नामांकित कंपन्यांच्या नावाने मिळणाऱ्या नकली मालावर हा क्रमांक एक तर नसतो किंवा दुसऱ्याच कोणाचा निघतो. छापील पावती जपून ठेवावी. सदोष माल बदलून देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

कानांच्या आरोग्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण असे आहे की, ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानता येते. तोच ९० डेसिबल झाला तर ही मर्यादा ४ तासांवर येते. रोज पाच-सहा तास बैठकांत घालविणाऱ्याने आवाजाची पट्टी कोठे ठेवली आहे, याकडे म्हणूनच लक्ष द्यावे. समोरच्याचे बोलणे अस्पष्ट आले की आपण आवाज वाढवितो. पण जो वर्ण वाटेतच गळाला तो आवाज वाढवून परत येत नाही. अशा वेळी पुन्हा सांगण्याची विनंती करणे अधिक बरे. त्यात कमीपणा नाही.

इअरबडमधील लिथियमची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांच्या नित्य वापरानंतर थकते आणि बहुतेक नमुन्यांत ती बदलता येत नाही. निकामी इअरबड घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. दाब पडून बॅटरी पेट घेण्याचा धोका असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्या कंपनीचे संकलन केंद्र जवळ कोठे आहे याची माहिती तिच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारता येते, आणि तो क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. म्हणून खोकेही, निदान त्याची ती एक बाजू, पावतीसोबत ठेवावी.